खोबरेल तेलाची ओळख

विद्यार्थी मित्रांनो, हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी करून पाहा. तेलाचा एक थेंबही खाली पडणार नाही. मग आई ती बाटली उन्हात ठेवते आणि थोड्या वेळाने तेल पुन्हा पातळ होते. तेल खराब झाले होते का? मुळीच नाही. सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली खोबरेल तेल गोठू लागते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेले आहे. तिथे थंडीच्या सकाळी पारा याहून बराच खाली उतरतो. पण त्याच घरातले शेंगदाण्याचे तेल मात्र पातळच राहते. असे का होते? याचे उत्तर समजले, की कोणते तेल कढईत घालावे आणि कोणते डोक्याला लावावे, हेही समजेल.

आपण घरी ज्याला 'खोपरा' म्हणतो, त्यालाच मराठीत 'खोबरे' म्हणतात. खोबऱ्याचे तेल ते खोबरेल. नारळ हे आपल्या जिल्ह्याचे पीक नाही. त्याला समुद्रकाठची दमट हवा मानवते. म्हणून कोकणात, गोव्यात आणि केरळात नारळाच्या बागा आहेत. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळावर संशोधन करणारे केंद्रही आहे. आपल्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, करडई, जवस, तीळ अशी पिके येतात. ज्या मुलखात जे पिकते, तेच तिथल्या कढईत पडते. केरळात खोबरेल तेलात भाजी शिजते. आपल्याकडे त्याच तेलाची जागा आरशाजवळच्या कोनाड्यात असते.

आता तेल निघते कसे ते पाहू. पूर्वी गावोगावी बैलाचा घाणा असे. एका मोठ्या लाकडी उखळात तीळ, करडई किंवा खोबरे टाकत. त्यात जाड लाकडी लाट उभी असे. बैल गोल गोल फिरे, लाट फिरे आणि दाणे रगडले जाऊन तेल गळे. दिवसभर तेच ते काम करणाऱ्या माणसाला मराठीत 'घाण्याचा बैल' म्हणतात. उर्दूतला 'कोल्हू का बैल' तो हाच. तेल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला पेंड म्हणतात. आपल्या भागात तिला ढेप म्हणतात आणि ती गुराढोरांना चारतात.

या घाण्याला वर्ध्यात नवे रूप मिळाले. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. संघाचे काम मगनवाडीत चाले. तिथे झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्यात सुधारणा केल्या आणि तो 'मगनवाडी घाणी' या नावाने ओळखला जाऊ लागला. आज अनेक गावांत आणि शहरांत विजेवर चालणारे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत.

घाण्यातून निघालेले तेल फक्त गाळून घेतात. त्याला मूळ वास असतो, रंग असतो आणि चव असते. हे झाले कच्चे, म्हणजे रिफाइंड न केलेले तेल. कारखान्यात तेलावर पुढच्या क्रिया होतात. त्यातील आम्ल काढतात, विशिष्ट माती वापरून रंग काढतात आणि खूप तापलेली वाफ सोडून वास काढतात. असे तेल स्वच्छ दिसते, पण त्याला स्वतःचा गंध उरत नाही.

मग कच्चे ते सगळे चांगले आणि रिफाइंड ते सगळे वाईट, असे म्हणावे का? घाई करू नका. आपल्या खामगावचे उदाहरण घ्या. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे. तिच्यासाठी १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटाही टाकण्यात आला. कापसाच्या बीला सरकी म्हणतात. सरकीचेही तेल निघते, पण कच्च्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. शुद्ध केल्याशिवाय हे तेल खाण्यायोग्य होत नाही. म्हणजे एकच नियम सर्व तेलांना लागत नाही. प्रत्येक तेलाचा स्वभाव ओळखावा लागतो.

खोबरेल तेलाचा स्वभाव कसा आहे? त्यात सुमारे ९० टक्के संपृक्त मेद असतात. शेंगदाण्याच्या तेलात ते साधारण २० टक्के, तर करडईच्या तेलात १० टक्क्यांहूनही कमी असतात. संपृक्त मेद थंडीत लवकर घट्ट होतात. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच. या गुणाचा एक फायदा आहे. हवेतील ऑक्सिजनचा या मेदांवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून खोबरेल तेल लवकर खवट होत नाही. पण एक तोटाही आहे. संपृक्त मेद जास्त खाल्ले तर रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि हृदयाला धोका होतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने २०१७ मध्ये खोबरेल तेल आहारात न वापरण्याचा सल्ला दिला.

स्वयंपाकात ते कधीतरी, थोडेसे, चवीसाठी वापरायला हरकत नाही. नारळाच्या चटणीवरची फोडणी त्याने खमंग लागते. मात्र कच्चे खोबरेल तेल सुमारे १७५ अंशांना धुरकट होऊ लागते. त्यामुळे पुऱ्या आणि भजी तळायला ते घेऊ नये. कोणत्याही तेलातून धूर निघू लागला, की आच कमी करावी. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

केसांसाठी मात्र हे तेल गुणकारी आहे. २००३ साली मुंबईतील दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी खोबरेल तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल केसांना लावून पाहिले. केसांतील प्रथिने वाचवण्यात फक्त खोबरेल तेल उपयोगी पडले, कारण त्याचे लहान रेणू केसाच्या आत शिरतात. हे संशोधक एका तेल कंपनीत काम करत होते, हेही लक्षात ठेवा. कोणी काय सांगितले याबरोबर ते कोणी सांगितले, हेही पाहण्याची सवय लावावी.

थंडीत हातपाय उलतात, तेव्हा आंघोळीनंतर ओलसर त्वचेवर हे तेल चोळले तर त्वचा मऊ राहते. पण तेल म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. कोंडा तेलाने जात नाही. उलट वाढूही शकतो. तुमच्या वयात चेहऱ्यावर मुरमे येतात. तिथे तेल लावले तर त्वचेची छिद्रे बुजतात. आणि हे तर पाठच करून ठेवा : भाजल्यावर त्या जागी तेल कधीही लावू नये. भाजलेला भाग २० मिनिटे साध्या थंड पाण्याच्या धारेखाली धरावा आणि भाजणे मोठे असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

खोबरेल तेल खाण्याचे की केसांचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला होता, कारण दोन्ही प्रकारांना कर वेगवेगळा होता. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. केवळ बाटली लहान आहे म्हणून शुद्ध खोबरेल तेल केसांचे ठरत नाही. वेष्टनावर केसांचे तेल म्हणून लिहिलेले नसेल तर ते खाद्यतेलच होय, असा त्याचा आशय होता.

या निकालातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे : बाटली वाचा. केसांच्या काही सुगंधी तेलांत खनिज तेल मिसळलेले असते. ते पोटात जाता कामा नये. खाद्यतेलाच्या बाटलीवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. तेल कशाचे आहे, त्यात दुसरे कोणते तेल मिसळले आहे का, ते कधीपर्यंत वापरावे, हेही लिहिलेले असते.

मित्रांनो, अनेक घरांत दादीजान किंवा अम्मी यांना मराठी किंवा इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. शेजारी सांगतात, 'दादाजींना रोज सकाळी चमचाभर खोबरेल पाजा, दिल मजबूत होईल.' दादाजींना हृदयाचा विकार असेल, तर हा सल्ला त्यांच्या जिवावर बेतू शकतो. अशा वेळी घरात वाचू शकणारे तुम्हीच असता. अदबीने सांगा, 'दादीजान, आधी डॉक्टरांना विचारू या.' शाळेत शिकलेली अक्षरे घरच्यांच्या उपयोगी पडली, तर त्याहून मोठे बक्षीस कोणते?

शब्दार्थ
मानवणे – रास येणे, अनुकूल असणे
चोथा – रस किंवा तेल काढल्यावर उरलेला भाग
खवट – जुने झाल्यामुळे वाईट वासाचे
उलणे – त्वचेला भेगा पडणे
जिवावर बेतणे – जीव धोक्यात येणे

स्वाध्याय
१. हिवाळ्यात खोबरेल तेल का गोठते?
२. सरकीचे तेल शुद्ध का करावे लागते?
३. 'घाण्याचा बैल' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.
४. घरातील तेलाची एक बाटली वाचा आणि त्यावर काय लिहिले आहे ते पाच ओळींत मराठीत लिहा.