प्वेब्लो बंद, मारुती चालू

न्यू मेक्सिकोतल्या सांग्रे दे क्रिस्तो डोंगरात आठवडा काढायचा तर अल्बुकर्कीला उतरून गाडी घ्या. सांता फेत दोन रात्री, मग हायवे सोडून चिमायो-ट्रुचासच्या ‘हाय रोड’ने टाऊस, तिथे चार. बाकी नकाशा सांगेल.

टाऊस प्वेब्लो या मूळनिवासींच्या गावाच्या दारात आम्हाला पाटी दिसली : आज बंद. तीन महिने आधी हॉटेल बुक करणाऱ्या मला एक फोन करायचं सुचलं नव्हतं. मातीची ती बहुमजली घरं १९९२पासून जागतिक वारसा आहेत. पण लोक अजून त्यात राहतात. त्यांचं कार्य असलं की गाव बंद. हिवाळा सरताना तर साधारण दहा आठवडे. डोंगरातला त्यांचा पवित्र ब्लू लेक १९०६मध्ये सरकारने राखीव जंगलात घातला, १९७०मध्ये ४८,००० एकरांसह परत केला. तिथे बाहेरच्यांना मज्जाव आहे, आणि असावाच. रीलवाल्यांनी देवकुंड धबधब्याचं काय केलं ते पाहिलंय.

गाडीत आई म्हणाली, “इथं जवळ एखादं देऊळ नाही का रे?” होतं! नीम करोली बाबांचा आश्रम टाऊसमध्येच आहे. आत संगमरवरी मारुती, उड्डाण घेतलेला. पांढऱ्या दाढीचे अमेरिकन आजोबा पेटीवर, चालिसा रंगात. आईला चालिसा येत नाही. तिने आपली भीमरूपी म्हटली. मग प्रसादाचं जेवण, आणि जेवण झाल्यावर ती भांडी घासायला उभी राहिली ती हलेचना. माझा दुपारचा ट्रेक बुडाला.

व्हीलर पीक (४,०११ मीटर) दुसऱ्या दिवशी केला. टाऊसच कळसूबाईपेक्षा उंच आहे, तेव्हा दोन दिवस अंगाला हवा लागू द्या. उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात. अंधारात निघा, बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली उतरा. शिखरावर सेल्फीसाठी रांग होती. केळीची सालं ‘कुजतात’ म्हणून टाकणारे तिथेही भेटले.

चिमायोला मात्र घाई नको. गुड फ्रायडेला हजारो लोक इथल्या चर्चला पायी येतात, आपली वारीच. देवळाशेजारच्या खोलीत जमिनीत छोटा खड्डा आहे, त्यातली माती लोक अंगाऱ्यासारखी नेतात. ती संपली की जवळच्या डोंगरातून आणून भरतात, हे देऊळवाले लपवत नाहीत. मी आईला ते सांगितलं.

“मग? चंद्रभागेची वाळू तरी कुणी मोजलीय?” म्हणत तिने रुमालाला गाठ मारली.