डेटा सेंटरची वीज विकत घेणारी माणसं

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचे प्रश्न सुरू होतात आणि त्यांत हल्ली 'डेटा सेंटर' हा शब्द हमखास असतो. वर्तमानपत्रांत हजारो कोटींच्या गुंतवणुकीचे मथळे येतात. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात इमारतींवर इमारती उभ्या राहताना दिसतात. मग विचारणा होते ती एकच: मुलाला कॉम्प्युटर सायन्सला घातलं की झालं ना?

माझं उत्तर पालकांना जरा अनपेक्षित वाटतं. या इमारतींच्या आत काम करणारी माणसं गुंतवणुकीच्या मानाने मोजकीच असतात. सर्व्हर बसले, कूलिंग सुरू झालं, की पाळीवर तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक आणि देखभालीची छोटी तुकडी पुरते. पण त्या इमारतीला लागणारी वीज मिळवणं, तिचे करार करणं, दर पंधरा मिनिटांचा हिशेब ठेवणं आणि नियम बदलला की पुन्हा सगळं मांडणं, हे वेगळंच क्षेत्र आहे. त्यात इंजिनिअर लागतात, वकील लागतात, कॉस्ट अकाउंटंट लागतात, संख्याशास्त्र शिकलेली मुलं लागतात. आपल्या घरांत मात्र या कामाचं नावही फारसं कुणी घेत नाही.

आधी आकडा पाहू. समजा एक डेटा सेंटर सरासरी 20 मेगावॉट वीज वापरतं. नवी मुंबईत आता हा आकार मोठा म्हणवत नाही. सर्व्हरला रविवार नाही आणि दिवाळीची सुट्टीही नाही. वर्षाचे 8,760 तास हा भार जवळपास सपाट चालतो आणि वर्षाअखेर साडेसतरा कोटी युनिट होतात. युनिटमागे दहा पैसे वाचले, तर वर्षाला पावणेदोन कोटी रुपये वाचतात. हे दहा पैसे शोधणाऱ्या माणसाला कंपनी नोकरीवर का ठेवते, ते वेगळं सांगायला नको.

जगाच्या पातळीवर पाहिलं, तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024मध्ये डेटा सेंटरांनी जगातली सुमारे दीड टक्का वीज वापरली. ऐकायला हे प्रमाण किरकोळ वाटतं, पण ही केंद्रं एकाच ठिकाणी दाटीवाटीने उभी राहतात. आयर्लंडमध्ये 2023 साली मीटरवर नोंदलेल्या एकूण विजेपैकी 21 टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनी घेतली. आपल्याकडे समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथंच आहेत, म्हणून केंद्रंही मुंबई-नवी मुंबईतच गोळा झाली. शिवाय हा कोपरा वीजजाळ्याच्या दृष्टीने नाजूक. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई महानगराचा मोठा भाग अंधारात गेला होता, ते अनेकांना आठवत असेल. त्यामुळे इथं वीज विकत घेण्याचं काम दरावर सुरू होत नाही, जोडणीवर सुरू होतं. कोणत्या उपकेंद्रातून वीज घ्यायची, दुसरा स्वतंत्र स्रोत कुठून आणायचा, महापारेषणची वाहिनी कधी पूर्ण होणार, आणि ती वेळेत झाली नाही तर तयार इमारतीचं काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं.

आता खरेदी. सरळ वाट महावितरणची: जोडणी घ्या, दरपत्रकाप्रमाणे बिल भरा. काही आयटी पार्क विशेष आर्थिक क्षेत्रात आहेत, त्यांच्याकडे स्वतःचा वितरण परवाना असतो, तिथं वीज त्यांच्याकडून घ्यायची. पण 2003च्या विद्युत कायद्याने मोठ्या ग्राहकाला तिसरी वाट दिली, ती ओपन ॲक्सेसची. तारा महावितरण-महापारेषणच्या, वीज मात्र तुम्ही निवडलेल्या उत्पादकाची. 2022च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी ओपन ॲक्सेसची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली आणि या क्षेत्रातलं काम एकदम वाढलं.

इथंच गणित गुंतागुंतीचं होतं. सोलापूरजवळच्या सौर प्रकल्पाच्या दाराशी स्वस्त दिसणारी वीज ऐरोलीच्या मीटरपर्यंत येताना पारेषण आकार, वहन आकार, वाटेतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार, अतिरिक्त अधिभार आणि वीज शुल्क असं एकेक ओझं अंगावर घेत येते. शेवटी उरणारा दर महावितरणच्या दरापेक्षा कमी आहे का, आणि असेल तर पाच वर्षांनीही राहील का? या प्रश्नाचं उत्तर देता येणारा पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी मुलाखतीत वेगळी उठून दिसते.

अधिभारातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे ग्रुप कॅप्टिव्ह. वीज वापरणाऱ्या कंपन्यांनी मिळून प्रकल्पात किमान 26 टक्के मालकी घ्यायची आणि तिथं वर्षभरात तयार होणाऱ्या विजेपैकी किमान 51 टक्के स्वतः वापरायची. मग कायद्याने तो प्रकल्प त्यांचा स्वतःचा ठरतो आणि क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. अतिरिक्त अधिभाराबद्दल मात्र वर्षानुवर्षं वाद चालला. महावितरण आणि जेएसडब्ल्यू स्टील यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021मध्ये निकाल दिला, की कॅप्टिव्ह ग्राहकाला हा अधिभारही लागू होत नाही. एका निकालाने राज्यातल्या कितीतरी प्रकल्पांचं गणित बदललं. मात्र अट कडक आहे: आर्थिक वर्ष संपल्यावर तपासणी होते आणि मालकी किंवा वापराचा टक्का चुकला, तर वर्षभराच्या सगळ्या विजेवर अधिभार बसू शकतो. म्हणून कॉमर्सच्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. भागभांडवल, वापराचं प्रमाण आणि वर्षअखेरची जुळवणी हे सगळं त्यांच्याच अभ्यासातलं आहे. फक्त ते विजेला लागू होतं, हे वर्गात कुणी सांगितलेलं नसतं.

मला स्वतःला या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो भाराच्या आकाराचा. डेटा सेंटरचा भार सपाट, सूर्याचा मात्र डोंगरासारखा: सकाळी चढतो, दुपारी माथा, संध्याकाळी शून्य. वर्षभराच्या युनिटांची बेरीज जुळवायची म्हणून 20 मेगावॉटच्या भारासाठी चौपट क्षमतेचा सौर प्रकल्प घेतला, तर कागदावर हिशेब शंभर टक्के पूर्ण होतो. पण दुपारी वीज उतू जाते आणि रात्री दोन वाजता एक युनिटही नसतो. मग सातारा, सांगली, धुळ्याच्या पठारांवरची पवनऊर्जा जोडून पाहायची. ढगांनी सौरऊर्जा मंदावते त्याच जून ते सप्टेंबरमध्ये तिथला वारा जोरात असतो, ही आपल्या राज्याला मिळालेली मोठी सोय आहे. तरी हिवाळ्यातल्या रात्री उरतातच. त्यांच्यासाठी बॅटरी, महावितरण किंवा बाजार. उरलेली वीज ग्रिडमध्ये जमा करून नंतर वापरायची सोय, म्हणजे बँकिंग, आहे. पण ती महिन्याच्या हिशेबाने आणि अटींसह.

या अटी बदलतात. पूर्वी महाराष्ट्रात मोठ्या ग्राहकाला रात्री वीज वापरल्यास सवलत मिळे. 2025मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ही घडी उलटवली: सवलत दिवसा, सौरऊर्जेच्या तासांत, आणि जादा आकार संध्याकाळनंतर. रात्रभर चालणाऱ्या डेटा सेंटरची सवलत गेली आणि ज्याने दुपारच्या सौर विजेचा दीर्घ करार केला होता, त्याची बचत कमी झाली, कारण आता त्याची वीज ग्रिडमधल्या स्वस्त तासांची जागा घेऊ लागली. असा आदेश येतो तेव्हा तो पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचणारा माणूस लागतो. शेकडो पानं, रूक्ष भाषा, तक्त्यांमागून तक्ते. ज्या मुलाला बैठक आहे, त्याच्यासाठी हे क्षेत्र आहे; ज्याला नाही, त्याला त्यात ढकलू नका.

बाजाराचं कामही शिकण्यासारखं आहे. आपला दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या 96 भागांत विभागलेला असतो. इंडियन एनर्जी एक्स्चेंज 2008पासून चालू आहे. तिथं उद्यासाठीची बोली आज सकाळी दहा ते बारा या वेळात लागते. जून 2020पासून रिअल टाइम बाजारही आला, त्यात दर अर्ध्या तासाला लिलाव होतो. म्हणून ट्रेडिंग डेस्क रात्रीही जागा असतो आणि सुरुवातीची काही वर्षं रात्रपाळी पडू शकते. पालकांनी हे आधीच लक्षात घ्यावं. ढग किती येतील, वारा किती वाहील, भार किती राहील याचे अंदाज बांधावे लागतात आणि कळवलेल्या वेळापत्रकापासून प्रत्यक्ष वीज ढळली की दंड बसतो. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग येणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलांना इथं जागा आहे.

पण खरा पैसा आणि खरी जबाबदारी दीर्घ करारांत असते. गूगलने 2010मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 114 मेगावॉटच्या पवनऊर्जेचा 20 वर्षांचा करार केला, त्या काळात कॉम्प्युटर कंपनीने असं काही करणं नवलाचं होतं. सप्टेंबर 2024मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड इथला 2019पासून बंद असलेला अणुसंच पुन्हा सुरू व्हावा म्हणून कॉन्स्टेलेशन कंपनीशी 20 वर्षांचा करार केला; संच सुमारे 835 मेगावॉटचा. आपल्याकडेही वीज खरेदी करार सहसा पंधरा ते पंचवीस वर्षांचे असतात. आज बारावीत असलेला मुलगा चाळिशीला येईपर्यंत चालणारा कागद. प्रकल्पाला उशीर झाला तर भरपाई किती? कायदा बदलला तर वाढीव खर्च कुणी सोसायचा? ग्रिडने उत्पादन थांबवायला सांगितलं तर पैसे द्यायचे का? डेटा सेंटर ठरल्यापेक्षा उशिरा भरलं आणि वीज नकोच असली तर? प्रत्येक कलमावर दोन्ही बाजू आठवडेच्या आठवडे बसतात. विधी महाविद्यालयातल्या मुलांनी, विशेषतः ज्यांना कोर्टापेक्षा कराराची कामं आवडतात त्यांनी, विद्युत कायदा आणि दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाचे निकाल वाचायला सुरुवात करावी. या विषयातले वकील देशभरात मोजके आहेत.

नोकरी देतं कोण? डेटा सेंटर कंपनीची स्वतःची वीज खरेदीची तुकडी लहान असते आणि तिथं बहुधा अनुभवी माणूसच घेतात. नवख्याला दार उघडतं ते दुसऱ्या बाजूचं: सौर-पवन प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्या, वीज ट्रेडिंग कंपन्या, सल्लागार संस्था, अंदाज आणि वेळापत्रक बनवणाऱ्या कंपन्या. महावितरण, महापारेषण आणि ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र यांच्यात मिळणारा अनुभव तर या क्षेत्रात फार मानला जातो. डिप्लोमाच्या मुलांनीही निराश होऊ नये. मीटरिंग, उपकेंद्र आणि ओपन ॲक्सेसच्या अर्जांचं काम हातून गेलेला माणूस पुढे करारांच्या टेबलावर फार उपयोगी पडतो, कारण कागदावरचा मीटर प्रत्यक्षात कुठे बसतो हे त्याला ठाऊक असतं. आणि कागद इंग्रजीत असले, तरी जमीनमालकाशी, ग्रामपंचायतीशी, मंडल कार्यालयाशी बोलणं मराठीतच होतं. गावाकडून आलेल्या मुलांनी ही आपली कमतरता मानू नये. तिथं तेच पुढे असतात.

शिक्षणाचं थोडक्यात. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग हा सर्वांत भक्कम पाया. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद ही नावं पालकांना माहीत आहेतच. आयआयटी मुंबईत ऊर्जा विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचं एक केंद्र नागपूरला आहे. तिच्या फरीदाबादच्या मुख्यालयात वीज व्यवस्थापनाचं एमबीए होतं. ऊर्जा दक्षता ब्युरोची एनर्जी मॅनेजर आणि ऑडिटरची परीक्षा पुढे उपयोगी पडते. पुण्यातल्या प्रयास ऊर्जा गटाचे अहवाल मात्र कोणत्याही शाखेच्या मुलाने आजच वाचावेत. ग्राहकाच्या बाजूने वीजक्षेत्राकडे कसं पाहायचं ते त्यांतून कळतं.

पालकांची एक भीती मला अगदी रास्त वाटते: कृत्रिम बुद्धिमत्तेची ही लाट ओसरली तर? डेटा सेंटरांची मागणी कमी-जास्त होईल, पण हे कौशल्य डेटा सेंटरला बांधलेलं नाही. पोलाद, सिमेंट, रेल्वे, मेट्रो सगळ्यांना वीज विकत घ्यावी लागते. मध्य प्रदेशातल्या रीवा इथल्या 750 मेगावॉटच्या सौर प्रकल्पातली वीज दिल्ली मेट्रो घेते, आणि तो करार समजणाऱ्या माणसाला डेटा सेंटरचा करार परका वाटत नाही.

मुलाला हे झेपेल का, ते एका सुट्टीत तपासता येतं. घरातलं वीजबिल घ्या आणि त्यातली प्रत्येक ओळ कुठून आली ते आयोगाच्या दर आदेशात शोधा; आदेश संकेतस्थळावर मोफत आहे. मग एक्स्चेंजवरचे महिनाभराचे पंधरा-पंधरा मिनिटांचे भाव एक्सेलमध्ये उतरवा, एक मेगावॉटचा सपाट भार धरा आणि महिन्याचा खर्च काढा. नंतर त्यात चार मेगावॉटचा सौर प्रकल्प घालून पुन्हा काढा. नोकरीच्या किंवा इंटर्नशिपच्या अर्जासोबत हे दोन पानी टिपण जोडलं, तर प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा ते आधी वाचलं जातं. आणि 'डेटा सेंटर एनर्जी' नावाच्या महागड्या कोर्सची फी भरण्यापूर्वी संस्थेला तीन गोष्टी विचारा: अभ्यासक्रमात राज्य आयोगाचे ओपन ॲक्सेस विनियम शिकवतात का, विद्यार्थ्यांकडून खरा वीज खरेदी करार वाचून घेतात का, आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणी कधी एक्स्चेंजवर बोली लावली आहे का. तिन्हींची उत्तरं गुळमुळीत आली, तर ते पैसे बँकेतच राहू द्या.