कॅरॅव्हॅनने युरोप : वजनाचा आणि उताराचा हिशेब

आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटले की आत गादी आणि स्वयंपाकघर असलेली लहान बस डोळ्यांपुढे येते. युरोपात तिला मोटरहोम म्हणतात. तेथील कॅरॅव्हॅन म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीच्या मागे अडकवून ओढावयाचे घर. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसे बसविता येत नाहीत; तेव्हा मुलांना मागे झोपवून रात्रभर प्रवास करण्याचा बेत असल्यास तो आधीच सोडावा. आपले काही माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये राहतात, आणि उन्हाळ्यात शेजाऱ्यांची तयारी पाहून त्यांनाही हा मोह होतो. त्यांच्यासाठी उत्रेख्तहून म्युनिक, इन्सब्रुक व ब्रेनर खिंडीमार्गे इटलीतील गार्दा सरोवरापर्यंतचा सुमारे ११०० किलोमीटरचा मार्ग उदाहरणादाखल घेऊ.

पहिला प्रश्न परवान्याचा. युरोपीय ‘बी’ वर्गाच्या परवान्यावर मोटार आणि ७५० किलोंहून जड कॅरॅव्हॅन यांचे मिळून ३५०० किलोंपर्यंत वजन ओढता येते. येथे कागदोपत्री लिहिलेले कमाल वजन धरतात, प्रत्यक्ष भरलेले नव्हे. कॅरॅव्हॅन रिकामी आहे ही सबब चालत नाही.

खरी परीक्षा सामान भरताना होते. समजा, कॅरॅव्हॅनचे रिकामे वजन १२५० किलो आणि कमाल मर्यादा १५०० किलो आहे. म्हणजे हाती राहिले २५० किलो. ४० लिटर पाण्याचे ४० किलो झाले; गॅसची टाकी, दारापुढे लावावयाचा तंबू, खुर्च्या, सायकली यांत बराच भाग गेला. त्यावर आपला मराठी संसार : तांदूळ, पीठ, डाळी, कुकर, पोळपाट! मर्यादा ओलांडली जाते ती अशी, आणि बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. जड वस्तू खाली, चाकांच्या आसावर ठेवाव्यात. वरच्या कपाटांत कपडे. मागच्या टोकाला जड काही नको. जोडणीच्या कडीवर पडणारा भार मोटार व कॅरॅव्हॅन या दोहोंपैकी जिची मर्यादा कमी, तिच्या आत, पण तिच्या जवळपास असावा. ही मर्यादा पुष्कळदा ७५ ते १०० किलो असते. कडीखाली लाकडी दांडका आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवला की हा भार मोजता येतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी? मागचे टोक जड आणि वेग जास्त असला, की शेजारून गेलेल्या ट्रकच्या हवेच्या झोताने कॅरॅव्हॅन सापाप्रमाणे डुलू लागते आणि शेवटी मोटारीलाही घेऊन उलटू शकते. अशा वेळी वेग वाढविला की गाडी सरळ होते ही समजूत प्राणघातक आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि स्टिअरिंग सरळ, घट्ट धरावे. डुलण्याच्या उलट फिरवू नये.

वेगाचे नियम सीमेगणिक बदलतात. महामार्गावर कॅरॅव्हॅनसह नेदरलँड्समध्ये ताशी ९० किलोमीटर, जर्मनीत ८० (काही अटी पुऱ्या करून अधिकृत चिन्ह मिळविलेल्यांना १००), इटलीत पुन्हा ८०. म्हणून दिवसाकाठी ४०० किलोमीटर पुष्कळ झाले. ऑस्ट्रियात मोटारीला महामार्गाचे व्हिन्येट लागते, कॅरॅव्हॅनला वेगळे लागत नाही. स्वित्झर्लंडच्या वाटेने गेल्यास मात्र दोहोंना लागते. ब्रेनरच्या महामार्गाचा टोल निराळा. इटलीत मागे सायकली लटकविल्या तर त्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची ५० सेंटिमीटर चौरस पाटी लावावी लागते.

इन्सब्रुक सुमारे ५७४ मीटर उंचीवर, ब्रेनर खिंड सुमारे १३७० मीटरवर. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर. वाटेत १९६३ साली खुला झालेला, दरीपासून १९० मीटर उंच असा युरोपा पूल लागतो. तेथे आडव्या वाऱ्याचे भान ठेवावे. पुढच्या लुएग पुलाच्या कामामुळे २०२५ पासून तेथे पुष्कळदा एकच मार्गिका खुली असते. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी तर तिकडे फिरकूच नये. मात्र चढापेक्षा उतार अवघड. मोटार हळू झाली की कॅरॅव्हॅन पुढे रेटते, कडी दाबली जाते आणि त्या दाबाने तिचे ब्रेक लागतात. सबंध उतारभर ब्रेकवर पाय टेकवून ठेवला तर ते सुटतच नाहीत, तापतात आणि निकामी होतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ब्रेक थोडा वेळ जोराने दाबून पूर्ण सोडावा.

मुक्कामाच्या ठिकाणी जर्मनीत व इटलीत पुष्कळ तळांवर दुपारी १ ते ३ फाटक बंद असते. ती विश्रांतीची वेळ काटेकोर पाळतात. गॅसच्या टाक्यांची तोंडे देशोदेशी वेगळी असल्यामुळे निघतानाच भरलेली टाकी घ्यावी. वसंतात डोंगरात राहणार असाल तर प्रोपेन घ्यावा, कारण शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनचा वायूच होत नाही. विजेचा निळा, तीन दांड्यांचा प्लग सोबत हवा; पण प्लग बसला म्हणजे हवी तितकी वीज मिळते असे नव्हे. अनेक तळांवर सहाच अँपिअर मिळतात, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. चहाची विजेची किटली २००० वॅटची असली तर फ्यूज जातो आणि तो बसविण्यासाठी व्यवस्थापकाला शोधत फिरावे लागते. चहा गॅसवरच ठेवावा.