तारांगणात ध्रुवाची भेट

महानगरांतील दिव्यांच्या लखलखाटामुळे रात्रीचे आकाश नागरिकांना पारखे झाले आहे. अशा ठिकाणी तारांगण हे निव्वळ करमणुकीचे साधन राहत नाही. आकाश वाचावयास शिकविणारी ती एक शाळा ठरते.

कोलकात्याच्या चौरंगी भागातील एम. पी. बिर्ला तारांगणाचे उद्घाटन जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते २ जुलै १९६३ रोजी झाले. त्याची वास्तू सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर बांधलेली आहे. दालनातील प्रतिकृतींत ग्रहगोल आपण बाहेरून पाहतो. घुमटाखाली मात्र पृथ्वीवर उभे राहून आकाश न्याहाळतो. या दोन दृष्टी मनात जुळविणे, हेच भेटीचे खरे प्रयोजन होय.

दिवे मालवले, की प्रक्षेपकातून निघालेले किरण घुमटावर तारे उमटवितात. असे पहिले यंत्र जर्मनीतील त्साइस कंपनीने १९२३ साली म्युनिक येथे दाखविले. आकाशाच्या संथ गतींना वेग देणे, हे त्याचे विशेष सामर्थ्य. चोवीस तासांचे भ्रमण काही मिनिटांत आटोपते. तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात, ध्रुव तेवढा जागचा हलत नाहीसे वाटते. अक्षांश बदलला, की त्याची उंची बदलते. कन्याकुमारीहून तो क्षितिजापासून सुमारे ८ अंशांवर, कोलकात्याहून साडेबावीस, तर श्रीनगरहून ३४ अंशांवर दिसतो. ध्रुवाची उंची म्हणजे जवळजवळ त्या स्थळाचा अक्षांशच. दर्यावर्दी याच नियमाने आपले स्थान ठरवीत.

याहून विस्मयकारक गती परांचनाची. मंदावणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे पृथ्वीचा अक्ष डुलतो; त्याच्या एका आवर्तनास सुमारे २६,००० वर्षे लागतात. यंत्राने हा काळ आवळला, की आजचा ध्रुव आपल्या स्थानावरून ढळू लागतो. ख्रिस्तपूर्व २८०० च्या सुमारास ते स्थान कालेय तारकासमूहातील ठुबानकडे होते. आणखी सुमारे १२,००० वर्षांनी अभिजित त्याच्या जवळ येईल. बाळ ध्रुवाला अढळपद मिळाल्याची कथा आपण ऐकलेली असते. येथे त्या पदाचे मानकरी पालटताना दिसतात.

घरी परतल्यावर हा पाठ पडताळून पाहावा. उत्तर क्षितिज मोकळे असेल अशा गच्चीवर वा माळावर उभे राहून, हात ताठ धरून क्षितिजापासून मुठी एकावर एक रचाव्यात. एक मूठ सुमारे १० अंश भरते. कोलकात्याच्या परिसरात सव्वादोन मुठींवर ध्रुव सापडला, तर भेट सार्थकी लागली असे समजावे.