पोपड्यामागचं पाणी

डोंबिवलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बेडरूमची एक भिंत तीन पावसाळे काळी पडत होती. तीनदा रंग दिला. चौथ्या वर्षी अक्कल आली, ती इथे मांडते.

१. वास आधी येतो, डाग मागून. कपाट उघडलं की कुबट वास यायचा. मी डांबरगोळ्या वाढवत गेले, सासूबाई कापूर लावत राहिल्या. एकदाचं कपाट पुढे ओढलं, तर मागचा प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बोटाखाली खचला. सासूबाईंच्या पैठणीच्या घडीवर राखाडी ठिपके उमटले होते.

२. भिंतीवरचं सगळंच पांढरं बुरशी नसतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर विरघळलं तर तो लोणा. दोन्हींच्याही मागे ओल असते, तेव्हा खूश व्हायचं कारण नाही.

३. पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत भिंतीला हात लावू नये. दिवाळी उलटली तरी आमचा डाग ओलाच होता, म्हणजे पाऊस दोषी नव्हता. वर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची न्हाणी. दर संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जायचं आणि ‘तुमचं गळतंय’ हे कसं म्हणायचं? यात दोन वर्षं गेली. शेवटी त्यांच्याच परवानगीने नहाणी ट्रॅपला बोळा घातला, रंगपंचमीचा उरलेला लाल रंग पाण्यात कालवला आणि बोटभर पाणी रात्रभर तुंबवून ठेवलं. सकाळी आमच्या छताच्या कोपऱ्याला गुलाबी कड आलेली. काकू खाली आल्या, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, हे माझंच की गं!”

४. सोसायटीचे उपविधी भांडणाआधी वाचावेत. पावसाची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात येते. न्हाणीघर, सिंक अशी घरातली गळती त्या त्या सभासदाची. आम्ही उगाच सेक्रेटरींना चार पत्रं लिहिली होती.

५. ब्लीच फरशीवर ठीक आहे. प्लॅस्टरवर त्याने वरचा काळेपणा जातो, पण त्यातलं पाणी आत मुरतं आणि आतली बुरशी तशीच राहते. टॉयलेटच्या अ‍ॅसिडसोबत तर ते कधीच मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. मी मिसळलं होतं. गॅलरीत जाऊन खोकत बसले, तेवढ्यावर निभावलं.

६. बुरशी कोरडी खरवडू नये. आधी ती साबणाच्या पाण्याने भिजवायची, पंखा बंद करायचा, तोंडाला एन-९५ मास्क लावायचा आणि घरात दमेकरी असेल तर त्याला दुसरीकडे पाठवायचं. प्लाय, गादी असलं काही आतपर्यंत बुरसलं असेल तर धूत बसू नये, टाकून द्यावं.

७. ओल्या जागी बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते. भिंत वाळायला मात्र महिने लागतात, आणि हे पेंटरला पटत नाही. काकूंच्या न्हाणीचा कोबा फोडून नवा ट्रॅप बसला तो फेब्रुवारीत. आमच्याकडचं फुगलेलं प्लॅस्टर विटेपर्यंत उतरवलं. “पुट्टी मारून आठवड्यात देतो, वहिनी,” असं पेंटर दर दोन दिवसांनी फोन करून सांगायचा. मी विटांवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दुसऱ्या दिवशी उचलून बघायचे. आतून दव दिसलं की पेंटरला नकार. दव थांबायला एप्रिल संपला. तोवर उघड्या विटा बघत झोपायचं. पाहुण्यांना वाटे, आम्ही फॅशन म्हणून ठेवल्यात.

८. आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे असतं. त्या फटीत लेकीच्या पेन्सिली पडतात आणि त्या काढताना मी हळूच भिंत हुंगून घेते. पैठणीवरचे ठिपके काही गेले नाहीत. सासूबाई ती नेसताना तेवढा भाग निऱ्यांत घेतात.