पोरं घेऊन ओटावाला येताना

तिकिटं निघाली म्हणालीस आणि पाठोपाठ विचारलंस, "मावशी, मुलांना सोसेल ना गं एवढी थंडी?" सोसेल. इथली मुलं उणे पंधरातसुद्धा शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदानावर असतात, तान्ही बाळं गुंडाळून रोज बाहेर नेतात. तुझी दोघंही त्याच हाडामांसाची. मात्र महाबळेश्वरला नेलेले दोन स्वेटर आणि कानटोपी यांच्या भरवशावर येऊ नकोस. इथल्या थंडीची तऱ्हा वेगळी आहे. ती ओळखली की चार वर्षांची धाकटीसुद्धा बर्फात मजेत लोळेल.

फेब्रुवारीत येताय हे फार बरं केलंत. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, मुलांच्या हाती दिवस लागतच नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाचच्या पुढेपर्यंत उजेड असतो आणि विंटरल्यूडही तेव्हाच भरतो. १९७९ पासून चालत आलेला हा हिवाळ्याचा उत्सव. बर्फाची शिल्पं, आणि नदीपलीकडे गॅटिनोच्या जॅक-कार्तिए पार्कात मुलांसाठी बर्फाच्या घसरगुंड्या. रिडो कालव्यावरचं स्केटिंगही याच दिवसांत. गावाच्या मधोमध ७.८ किलोमीटर लांबीचा गोठलेला कालवा! पण मुलांना त्याचं वचन आधीच देऊन ठेवू नकोस. बर्फ जाड आणि पक्का झाल्याशिवाय कालवा उघडत नाहीत, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर तो एक दिवसही उघडला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा रिवाज पडला, तेव्हापासून असं पहिल्यांदाच घडलं. उघडा असला तर नेऊच.

आता कपडे. हे नीट ऐक, कारण मुलांची सहल कपड्यांवर तरते किंवा बुडते. अंगाला लागून सुती काहीही नको. गंजीफ्रॉक नको, सुती मोजे तर नकोतच. मुलं बर्फात धावतात, घामेजतात, सुती कापड तो घाम पिऊन बसतं, आणि मूल क्षणभर थांबलं की ओलं कापड अंगातली ऊब ओढून घ्यायला लागतं. म्हणून आत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाड जाकीट आणि स्नोपँट. तुझ्या सासूबाईंनी विणलेले स्वेटर खऱ्या लोकरीचे असतील तर जरूर आण, मधल्या थराला त्यांच्यासारखं काही नाही. पण सगळं चढवल्यावर मुलाचे हात कोपरात वाकले पाहिजेत. आवळून घातलेल्या कपड्यांत हवा राहत नाही, आणि अंग ऊबदार राहतं ते थरांमधल्या त्या हवेमुळेच.

बुटांचंही तसंच. जाड मोजा एकच, लोकरीचा, आणि त्यात बोटं हलतील एवढी बुटात जागा. आयाबाया काळजीपोटी दोन-दोन मोजे चढवतात, पाऊल आवळतं, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतो. बूट आतलं अस्तर बाहेर काढता येईल असे हवेत. रोज रात्री अस्तर काढून वाळत घालायचं. सकाळी किंचित दमट अस्तरात पाय घातला की तासाभरात मूल रडायला लागतं आणि कारण कळत नाही. बूट, जाकिटं, स्नोपँट तिथे विकत घेऊ नकोस. मुलं वर्षात वाढतात, म्हणून इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत लहान मुलांच्या स्नोपँटा जवळजवळ कोऱ्या मिळतात. काही आपल्या ओळखीच्या मराठी घरांतून मी गोळा करते. तुम्ही टोरांटोला उतराल तेव्हा अंगावर चालेल असं एकेक जाकीट, टोपी आणि हातमोजे मात्र हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगा मागे राहिल्या तरी अडणार नाही.

हातमोजे पाच बोटांचे नकोत. चारही बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्यायचे, बोटं एकमेकांना ऊब देतात. मनगट लांब असलेले हवेत, म्हणजे बाहीवरून वर येतात आणि बर्फ आत शिरत नाही. प्रत्येकाचे दोन जोड बरोबर. एक भिजणार हे धरूनच चाल. गळ्याला मफलर बांधू नकोस, घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यावर अडकून फास बसू शकतो. डोक्यातून घालायचा नेकवॉर्मर येतो, तो नाकापर्यंत ओढता येतो.

कपडे चढवण्याचा क्रमसुद्धा ठरलेला आहे. आधी शू. मूल नाही म्हणालं तरी बसवायचंच. मग स्नोपँट, मग बूट, आणि स्नोपँटची आतली लवचिक पट्टी बुटावरून खाली ओढायची. मग नेकवॉर्मर, टोपी, जाकीट, आणि शेवटी मिटन. आधी मिटन घातले की पुढचं मुलाला स्वतः काहीच जमत नाही. धाकटीला जाकीट घालायची इथली बालवाडीतली रीत आत्ताच शिकव: जाकीट जमिनीवर उताणं पसरायचं, टोपी तिच्या पायांकडे, आतली बाजू वर. तिने वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि हात डोक्यावरून मागे न्यायचे. जाकीट आपोआप पाठीवर येतं. चार दिवस घरी खेळ म्हणून करून घे. आणि मोठी माणसं आधी तयार झाली पाहिजेत, मुलं शेवटी. नाहीतर ती गरम घरात जाकिटात उकडत उभी राहतात आणि ओल्या अंगाने बाहेर पडतात. उलट बाजूनेही तेच. मॉलमध्ये, संग्रहालयात, बसमध्ये शिरलात की टोपी, मिटन लगेच काढायचे, जाकिटाची चेन उघडायची.

आता हवामान. नुसता पारा पाहू नकोस, वाऱ्यासकट थंडी किती भासेल तो आकडा बघ. पारा उणे २० आणि वारा तासाला ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३३ सारखं लागतं. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली पाच-दहा मिनिटांतच. अशा दिवशी मुलांना दार ते गाडी, गाडी ते दार, एवढंच. उणे दहा-बाराला कोरडं लख्ख ऊन पडलं असेल तर मात्र घरात बसू नका, तो मुलांचा दिवस.

माझ्या मते सगळ्यात फसवा दिवस शून्याच्या आसपासचा. आकडा ऐकून पाहुणे खूश होतात आणि हलके कपडे घालून निघतात. पण त्या दिवशी बर्फ वितळलेला असतो, मिटन दहा मिनिटांत चिंब होतात, बुटांत पाणी जातं, आणि संध्याकाळी पारा उतरला की फुटपाथवर पारदर्शक बर्फाचा थर धरतो. कधी पाऊसच पडता पडता गोठतो. जानेवारी १९९८ मध्ये अशाच पावसाने इथल्या विजेच्या तारा आणि झाडं बर्फाच्या भाराने मोडून पडली होती, कित्येक घरं दिवसच्या दिवस अंधारात होती. गोठणाऱ्या पावसाचा इशारा असेल तर सगळे बेत रद्द. घसरड्या रस्त्यावर पावलं छोटी टाकायची, गुडघे किंचित वाकवून, हात खिशाबाहेर. धाकटीला कडेवर घेऊन त्या बर्फावरून चालू नकोस. तिला मधे ठेवून दोघांनी दोन हात धरा.

मूल गारठतंय हे मूल सांगत नाही. खेळात असलं तर त्याला कळतच नाही, आणि लहान मूल नुसतं किरकिर करतं किंवा एकाएकी गप्प होतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी आपला मिटन काढून त्याच्या मानेमागे, जाकिटाच्या आत दोन बोटं घाल. कोरडं आणि ऊबदार लागलं तर ठीक. घाम लागला तर चेन थोडी उघड किंवा आत ने. गार लागलं तर ताबडतोब आत. त्याच वेळी गाल, नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या बघ. पांढुरका किंवा राखाडी, मेणचट ठिपका दिसला, किंवा "आता दुखत नाही" असं मूल म्हणालं, तर आणखी पाच मिनिटंसुद्धा थांबायचं नाही. आत नेऊन गालावर आपला गरम तळवा नुसता ठेवायचा. बोटं असतील तर बाळाच्या अंघोळीइतक्या, म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या, कोमट पाण्यात बुडवायची. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच चोळायचा नाही. हीटरपुढे किंवा गरम पिशवीवर धरायचं नाही, कारण बधिर कातडीला भाजल्याचंही कळत नाही. रंग परतला नाही किंवा फोड आले तर सरळ दवाखाना. इथे पाहुण्यांना उपचार अतिशय महाग पडतात, प्रवासाचा विमा काढल्याशिवाय निघू नका. अडीअडचणीचा नंबर ९११, मोठ्याला पाठ करून घे.

बेत आखताना रोज बाहेरची एकच गोष्ट ठेव, सकाळी अकरा ते दोनच्या मधली, आणि त्याच्या जवळ शिरायला गरम दार कुठलं हे आधी ठरव. मला विचारशील तर अख्ख्या सहलीचं गमक हेच आहे. विंटरल्यूडच्या घसरगुंड्यांवर तासभर खेळलं की जवळच कॅनडाचं इतिहासाचं संग्रहालय आहे, त्यात मुलांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. तिथे हात लावू नका असं कुणी म्हणत नाही. डायनोसॉरचे सांगाडे निसर्गाच्या संग्रहालयात, तिथेच निळ्या देवमाशाचा सांगाडाही आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संग्रहालयातलं १९६७ पासूनचं तिरकं स्वयंपाकघर मोठ्याला फार आवडेल. आत शिरलं की तोल जातो आणि डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

कालव्यावर धाकटीला स्केट घालायचा आग्रह नको. ढकलायची घसरगाडी भाड्याने मिळते, तीत बसव. मोठ्याला हेल्मेट घातल्याशिवाय बर्फावर उतरवायचं नाही. हिरवा झेंडा असेल तरच उतरायचं, लाल असेल तर काठावरूनच बघायचं. अधेमधे कपडे बदलायच्या खोल्या आहेत, आणि बीव्हरटेल मिळते. शेपटीसारखी लांबट चपटी तळलेली पोळी, वर साखर-दालचिनी. आपल्या गरमगरम गुळपोळीच्या ओढीने मुलं जशी पाटाशी येऊन बसतात, तशी त्या टपरीपाशी रांग लागते.

रस्त्याकडेला साठलेल्या बर्फाच्या ढिगात मुलांना बोगदा करू देऊ नकोस. बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला आतलं मूल दिसत नाही, आणि ढीग खचतोही. छपरांच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखाली उभं राहायचं नाही. लोखंडी खांबाला जीभ लावायची नाही, हे मोठ्याला विमानातच सांग. नऊ वर्षांच्या मुलाला नेमकं तेच करून बघायचं असतं.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर तुझ्या नवऱ्याला माझं सांगणं आहे की पहिल्या हिवाळ्यात नको. टोरांटोहून इथे आगगाडीने या, साडेचार-पाच तासांत येता, मुलांना हिंडायला जागा असते. घ्यायचीच असेल तर हिवाळी टायर आहेत का हे विचारून घ्या. गॅटिनो क्युबेकमध्ये येतं आणि तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. मुलांच्या आसनात जाड जाकिटासकट पट्टे बांधू नकोस. जाकीट दबतं, पट्टा सैल राहतो. फ्लीसवर पट्टे घट्ट बांधून वरून पांघरूण घाल.

घरात हीटरमुळे हवा कोरडी ठणठणीत असते. ओठ फुटतात, अंग खाजतं, रात्रीत मुलांच्या नाकातून रक्त येतं. घाबरायचं नाही. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. खोलीत ओला टॉवेल वाळत घालते मी. कडकडीत पाण्याची अंघोळ टाळ, आणि अंग ओलसर असतानाच तेल लाव. ओठांना रात्री तूप. पाणी मागत नाहीत म्हणून देणं थांबवू नकोस. फ्लास्कमध्ये कोमट पाणी, आणि खिशात चिक्की किंवा खजूर कायम ठेव, थंडीत मुलांना भूक फार लागते. चिक्की, चटण्या, मेतकूट आणशील ते कस्टमच्या फॉर्मवर लिहायला विसरू नकोस. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड होतो. नवरा आठवडाभराने येणार असेल तर मुलांना तू एकटी घेऊन येत असल्याची त्याची सहीची संमती कागदावर जवळ ठेव, विमानतळावर विचारू शकतात.

वेळेत साडेदहा तासांचा फरक आहे. पहिले दोन दिवस मुलं पहाटे तीनला टक्क जागी होतील. होऊ दे, मी उठून बसेन त्यांच्याबरोबर. ते दोन दिवस फक्त अंगणातला बर्फ, दुपारच्या उन्हात.

आज संध्याकाळी एवढं कर. दोघांनाही जाड मोजा घालून कोऱ्या कागदावर उभं कर, पावलाभोवती पेन्सिल फिरव, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये लिही आणि मला फोटो पाठव. धाकटीचे बूट एका घरी आहेत, पण ते बसतील की नाही हे कळल्याशिवाय मी दुसरीकडे सांगून ठेवू शकत नाही.