अप्रकाशित कादंबरी मोफत वाचायला देताना

पळसदेव म्हटलं की पाण्यातून वर येणारं पळसनाथाचं मंदिर डोळ्यांपुढे येतं. उजनी धरणात भीमेचं पाणी अडलं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. पाणी फार खाली गेलं की मंदिर उघडं पडतं, फोटो निघतात, बातम्या येतात. पण जे लोक घरं सोडून वर आले, त्यांच्या गोष्टी कुठे वाचायला मिळतात?

समजा, इथल्याच एका आबांनी वहीत त्यावर कादंबरी लिहून ठेवली आहे. छापायची तर पदरचे पैसे घालावे लागतील. नातू म्हणतो, "आबा, नेटवर टाकू, लोक फुकट वाचतील." आबा विचारतात, "फुकट दिली तर ती माझी राहील का?"

राहील. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार कादंबरी लिहिली त्याच क्षणी तिचा हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर अप्रकाशित कादंबरीचीही करता येते. हा हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके २०११ पासून सर्वांसाठी खुली झाली. विकिस्रोतावर 'श्यामची आई' आज मोफत आहे ती त्यामुळे. आबांची कादंबरी मोफत असेल, पण खुली नसेल. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. वाचायला दिली म्हणजे दुसऱ्याला छापायला, विकायला किंवा त्यावर सिनेमा काढायला दिली असं नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी करारानेच जातो.

आता दुसरी बाजू. त्याच कायद्यात 'प्रकाशन' म्हणजे फक्त छापणं नव्हे. लोकांपर्यंत पोचवणं हेही प्रकाशनच. म्हणजे नातवाने बटण दाबलं की कादंबरी 'अप्रकाशित' राहत नाही. कित्येक स्पर्धा आणि दिवाळी अंक अप्रकाशित लेखनच मागतात. तिथे पाठवायचा विचार असेल तर आधी नियम वाचा, मग टाका.

तरी मला स्वतःला मोफत देण्यात गैर वाटत नाही. वहीतली कादंबरी वाळवी वाचते, दुसरं कोण? हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आधी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली, पुस्तक नंतर झालं. अमेरिकेत अँडी वीअर यांनी 'द मार्शियन' आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट दिली. पुढे मोठ्या प्रकाशकाने ती काढली आणि २०१५ मध्ये सिनेमाही आला. अर्थात असं नशीब क्वचितच. आपल्याकडे ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके पीडीएफ करून मोफत देते आणि हक्क लेखकाकडेच राहतात. आबांसारख्यांना हा रस्ता सोयीचा.

टाइप करून घेताना युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाले जुन्या फॉन्टमध्ये करून देतात आणि नेटवर त्याची नुसती चिन्हं दिसतात. पहिल्या पानावर लेखकाचं नाव, वर्ष आणि 'वाचण्यासाठी मोफत, इतर सर्व हक्क लेखकाकडे' एवढं लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडणार असाल तर विचार करून निवडा. एकदा दिला की तो मागे घेता येत नाही. कुठल्या अ‍ॅपवर टाकणार असाल तर त्याच्या अटी घरात कुणाकडून तरी वाचून घ्या.

आणि कादंबरीत खरी माणसं असतील, कुणाच्या मोबदल्याचं भांडण, कुणाची भाऊबंदकी, तर नावं आणि खुणा आधीच बदला. छापलेलं पुस्तक इंदापूरच्या दुकानातून परत आणता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली पीडीएफ संध्याकाळपर्यंत त्याच भाऊबंदांच्या हातात असते.